होनिन्बो किताब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गो हा पटावरचा खेळ शिकायला लागलेला माणूस महिन्या-दोन महिन्यांत ‘होनिन्बो’ या शब्दाशी येऊन थांबतो. कधी ते माणसाचं नाव वाटतं, कधी स्पर्धेचं, कधी एखाद्या देवळाचं. तिन्ही बरोबर आहे, आणि घोळ होतो तो त्यामुळेच. मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

होनिन्बो म्हणजे नेमकं काय?

जपानमधल्या व्यावसायिक गो खेळाडूंचा सर्वांत जुना किताब. त्याची पहिली स्पर्धा १९३९ साली सुरू झाली आणि पहिला विजेता १९४१ मध्ये ठरला. स्पर्धेचा खर्च उचलणारं वृत्तपत्र म्हणजे मायनिची शिंबुन. उच्चार ‘होन्-इन्-बो’ असा करावा, शेवटचा ‘बो’ जरा लांबवून.

पद्धत बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदासारखी आहे. आधीचा विजेता गादीवर बसलेला असतो. बाकीचे आपसांत खेळून एक आव्हानवीर ठरवतात आणि मग त्या दोघांत सामना होतो.

मला गोच येत नाही. तरी हे वाचून कळेल का?

कळेल, एवढं माहीत असलं की पुरे: १९ आडव्या आणि १९ उभ्या रेघांचा पट. रेघा एकमेकींना जिथे छेदतात अशा ३६१ जागा. एक जण काळ्या सोंगट्या मांडतो, दुसरा पांढऱ्या. मांडलेली सोंगटी जागची हलत नाही, पण चहूबाजूंनी कोंडली गेली तर उचलली जाते. शेवटी ज्याने जास्त मोकळी जागा वेढली, तो जिंकला. पहिली खेळी काळ्याची असते. त्याचा फायदा भरून काढायला आज जपानमध्ये पांढऱ्याला साडेसहा गुण आधीच देतात. जुन्या काळी असं काही नव्हतं. जुन्या डावांचे निकाल वाचताना हे विसरलं, की सगळं उलटं दिसतं.

हे नाव आलं कुठून?

क्योतोमधल्या जाक्को-जी या बौद्ध देवळाच्या आवारातून. तिथल्या एका मठीचं नाव होनिन्बो. तिथे राहणारे निचिरेन पंथाचे भिक्षू सान्सा (१५५९–१६२३) गोमध्ये त्या काळी सर्वांत बलवान मानले जात. मठीच्या नावावरून लोक त्यांना होनिन्बो सान्सा म्हणू लागले. ओदा नोबुनागा, तोयोतोमी हिदेयोशी आणि तोकुगावा इएयासु या तिन्ही सत्ताधाऱ्यांच्या दरबारात त्यांना मान होता. एकामागून एक राजवटी उलथत असताना एक गो खेळणारा भिक्षू तिघांनाही हवासा वाटला, याचं मला फार अप्रूप आहे.

नोबुनागाचा १५८२ मध्ये होन्नो-जी देवळात घात झाला, त्याच्या आदल्या रात्री सान्सा तिथे त्याच्यासमोर खेळत होते आणि डावात एक अत्यंत दुर्मीळ, कधीच न संपणारी स्थिती आली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका म्हणूनच ती ऐकावी.

होनिन्बो घराणं म्हणजे वंशपरंपरा होती का?

आपल्याकडे गाण्यातलं घराणं जसं, तसं काहीसं. रक्ताचं नातं असलंच पाहिजे असं नव्हतं, गुरूकडून शिष्याकडे आलेली विद्या महत्त्वाची. तोकुगावा राजवटीने गोच्या चार घराण्यांना तनखा बांधून दिला: होनिन्बो, यासुई, इनोउए आणि हायाशी. घराण्याचा प्रमुख सगळ्यांत तयारीच्या शिष्याला वारस नेमायचा, दत्तक घ्यायचा, आणि तो वारस घराण्याचं नाव लावायचा. मुलगा बापाच्या जागी आला असंही घडलं. चौदावे होनिन्बो शुवा यांचे तीन मुलगे पुढे गादीवर बसले. पण एकंदरीत गादी मिळायची ती पटावरच्या ताकदीवर.

दरवर्षी जुन्या पंचांगाच्या अकराव्या महिन्यात, १७ तारखेला, एदोच्या (आजच्या तोक्योच्या) किल्ल्यात शोगुनसाठी, म्हणजे तोकुगावा लष्करी सत्ताधीशासाठी, या घराण्यांचे डाव होत. तिथली हार ही एका माणसाची हार राहत नसे, ती सगळ्या घराण्याची होई. चारही घराण्यांत श्रेष्ठ ठरलेल्याला ‘मेइजिन’ हे पद मिळे, एका वेळी एकालाच. त्या पदासाठी डावपेच, अर्जविनंत्या, वैर, सगळं झालं.

वारसाची एक गोष्ट मला सारखी आठवते. चौथे होनिन्बो दोसाकु (१६४५–१७०२) हे अनेकांच्या मते गोच्या इतिहासातले पहिल्या दोन-तीनांतले. त्यांचा लाडका वारस दोतेकी १६९० मध्ये ऐन एकविशीत गेला. दोसाकु स्वतः मरणाच्या दारी असताना हाताशी उरला होता तो दोची नावाचा कोवळा पोर. दोसाकुंनी त्यालाच वारस केलं आणि आपला जुना शिष्य, जो एव्हाना इनोउए घराण्याचा प्रमुख झाला होता, त्याच्यावर या पोराच्या सांभाळाची जबाबदारी सोपवली. प्रतिस्पर्धी घराण्याच्या प्रमुखाने होनिन्बोंचा वारस घडवला! पुढे तोच दोची मेइजिन झाला.

शुसाकुचं नाव इतकं का घेतलं जातं? तो तर होनिन्बो झालाच नाही ना?

नाही झाला. होनिन्बो शुसाकु (१८२९–१८६२) वारस होता, प्रमुख नाही. आज हिरोशिमा प्रांतात असलेल्या इन्नोशिमा बेटावर त्याचा जन्म झाला आणि लहानपणीच तो एदोला होनिन्बोंकडे शिकायला आला. किल्ल्यातल्या वार्षिक डावांत तो १९ वेळा खेळला आणि एकदाही हरला नाही.

त्याचा सर्वांत गाजलेला डाव १८४६ चा, ओसाकातला. समोर इनोउए घराण्याचे गेन्नान इन्सेकी, मुरलेले खेळाडू. शुसाकु सतरा वर्षांचा. सुरुवातीच्या एका गुंतागुंतीच्या रचनेत शुसाकु चुकला आणि बराच वेळ मागे होता. मग १२७ वी खेळी त्याने पटाच्या मध्याकडे केली. तिने काय साधलं हे एका वाक्यात सांगता येत नाही, कारण ती एकाच वेळी चारही दिशांना काम करते. गोष्ट अशी सांगतात की बघ्यांमधले एक वैद्य म्हणाले, गेन्नान हरणार. गोमधलं त्यांना फारसं कळत नव्हतं, पण त्या खेळीनंतर गेन्नानचे कान लाल झालेले त्यांनी पाहिले होते. डाव शुसाकुने जिंकला. जपानीत त्या खेळीला आजही ‘कान लाल करणारी खेळी’ म्हणतात.

१८६२ मध्ये एदोत पटकीची साथ आली. होनिन्बोंच्या घरातल्या आजाऱ्यांची सेवा करताना शुसाकुलाही लागण झाली आणि तो ३३ व्या वर्षी गेला.

घराण्याचं नाव स्पर्धेला कसं मिळालं?

१८६८ मध्ये शोगुनशाही संपली आणि तनखे बंद झाले. चारही घराण्यांची वाताहत झाली. होनिन्बो घराणं कसंबसं टिकलं, पण १९०७ मध्ये शुएइ वारस न नेमता गेले आणि शिष्यांत गादीवरून भांडणं लागली. अखेर एकविसावे होनिन्बो झाले शुसाई (१८७४–१९४०), घराण्याचे शेवटचे प्रमुख.

शुसाईंनी ठरवलं की आपल्यानंतर कोणालाही वारस नेमायचं नाही. होनिन्बो हे नाव त्यांनी निहोन किइन या १९२४ साली स्थापन झालेल्या गो खेळाडूंच्या संस्थेच्या स्वाधीन केलं, ते यापुढे स्पर्धा जिंकणाऱ्याला मिळावं म्हणून. यात पैशाचा व्यवहार होता आणि त्यावरून तेव्हा टीकाही झाली. मला मात्र हा निर्णय मोठा वाटतो. तीनशे वर्षं एका घरात राहिलेलं नाव त्यांनी दार उघडून बाहेर ठेवलं.

शुसाईंचा निवृत्तीचा डाव एवढा लांबला का?

२६ जून १९३८ ला सुरू झालेला डाव ४ डिसेंबरला संपला. समोर होते कितानी मिनोरू. प्रत्येकाला ४० तास दिलेले. तोक्योत सुरुवात, मग हाकोने, मग इतो. मधे शुसाई आजारी पडले आणि डाव तीन महिने थांबला. कितानी काळ्या सोंगट्यांनी पाच गुणांनी जिंकले. या डावाचं वार्तांकन वृत्तपत्रासाठी करत होते कावाबाता यासुनारी, ज्यांना पुढे १९६८ मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं.

या डावात एक अट होती. दिवसाचा खेळ थांबवताना शेवटची खेळी कागदावर लिहून पाकिटात बंद करायची, म्हणजे रात्रभर विचार करायचा फायदा कोणा एकालाच मिळू नये. जुन्या रिवाजात पांढऱ्या बाजूचा ज्येष्ठ खेळाडू हवं तेव्हा डाव तहकूब करी. १९३३–३४ मध्ये गो सेइगेन नावाच्या तरुण खेळाडूविरुद्ध शुसाई असेच पुन्हा पुन्हा थांबले होते. त्या डावातली त्यांची निर्णायक १६० वी खेळी प्रत्यक्षात एका शिष्याला सुचली, अशी कुजबुज नंतर कित्येक वर्षं चालली. कितानींना तसं काही नको होतं. गंमत अशी, की वाद या पाकिटातल्या खेळीवरूनच झाला. कितानींची १२१ वी खेळी मुख्य लढाई सोडून भलतीकडेच निघाली. वेळ काढण्यासाठीच ती तिथे खेळली, असं वाटून शुसाई दुखावले.

अणुबॉम्ब पडला तेव्हा होनिन्बोचा सामना चालू होता, हे खरं आहे का?

खरं आहे. १९४५ साली होनिन्बो होते हाशिमोतो उतारो आणि आव्हानवीर इवामोतो काओरू. मे महिन्यातल्या हवाई हल्ल्यात तोक्योतली निहोन किइनची इमारत जळून गेली होती. तरीही सामना व्हायलाच हवा, असा ज्येष्ठ खेळाडू सेगोए केन्साकु यांचा आग्रह होता. ते मूळचे हिरोशिमाकडचे, त्यांनी सामना तिकडे नेला. पहिला डाव जुलैच्या अखेरीस हिरोशिमा शहरातच झाला. शहरात खेळणं धोक्याचं आहे, असं पोलिसांनी बजावल्यामुळे दुसरा डाव बाहेर, इत्सुकाइची इथे ठेवला. ४ ऑगस्टला तो सुरू झाला.

तिसऱ्या दिवशी, ६ ऑगस्टला सकाळी, आदल्या दोन दिवसांच्या खेळ्या पटावर पुन्हा मांडून खेळाडू बसले होते. सव्वाआठला डोळे दिपवणारा उजेड आला, मग हादरा. काचा फुटल्या, सोंगट्या विखुरल्या. काय झालंय, हे त्या क्षणी कोणालाच कळलं नव्हतं. खोली आवरली, पट पुन्हा मांडला आणि जेवणानंतर डाव पुढे चालू झाला. हाशिमोतो पांढऱ्या सोंगट्यांनी पाच गुणांनी जिंकले. संध्याकाळी होरपळलेली माणसं शहराकडून येऊ लागली, तेव्हा सगळा प्रकार समजला. पहिला डाव ज्या शहरात झाला, ते उरलं नव्हतं.

हा प्रसंग सांगताना लोक कधी कधी ‘खेळावरची निष्ठा’ असं काहीसं म्हणतात. मला ते पटत नाही. काय घडलंय हे माहीत नसलेली माणसं हातातलं काम पुरं करत होती, एवढंच. पुढे सामन्यात ३–३ अशी बरोबरी झाली, १९४६ मध्ये जादा डाव खेळले गेले आणि इवामोतो होनिन्बो झाले. परदेशांत गोची केंद्रं उभी राहावीत म्हणून याच इवामोतोंनी उतारवयात आपला पैसा दिला.

सर्वांत जास्त वेळा कोण जिंकलं?

एकूण १२ वेळा चो चिकुन, १९८१ आणि १९८२ मध्ये, मग १९८९ ते १९९८ सलग दहा वर्षं. सलग विजयांचा विक्रम ईयामा युताचा, २०१२ ते २०२२ सलग ११. त्यांच्या खालोखाल ताकागावा काकु सलग नऊ (१९५२–६०), साकाता एइओ सलग सात (१९६१–६७) आणि इशिदा योशिओ सलग पाच (१९७१–७५).

आकड्यांच्या आत मात्र खूप काही आहे. साकाता खरं तर १९५१ मध्येच जिंकायचे. हाशिमोतोंविरुद्ध ते ३–१ असे पुढे होते. हाशिमोतो तेव्हा निहोन किइनमधून फुटून कान्साई किइन ही वेगळी संस्था काढून बसले होते, त्यामुळे गादी कोणत्या संस्थेकडे जाणार असा तो प्रश्न झाला होता. हाशिमोतोंनी उरलेले तिन्ही डाव जिंकले. साकातांना दहा वर्षं थांबावं लागलं.

चो चिकुन कोरियातून सहा वर्षांचे असताना जपानला आले. १९९० पासून सलग तीन वर्षं त्यांच्यासमोर आव्हानवीर म्हणून कोबायाशी कोइची आले. १९९२ मध्ये चो पहिले तिन्ही डाव हरले, आणि मग ओळीने चार जिंकले.

कितानी मिनोरू कधी होनिन्बो झाले का?

कधीच नाही, आणि मला या सगळ्या इतिहासात त्यांच्याबद्दलच सर्वांत जास्त जिव्हाळा वाटतो. शुसाईंना हरवणारा माणूस तीनदा आव्हानवीर झाला: १९४७, १९५३ आणि १९५९. तिन्ही वेळा हरला. पण हिरात्सुकातल्या आपल्या घरात त्यांनी लहान मुलांना ठेवून घेतलं, जेवूखाऊ घातलं, शिकवलं. इशिदा, काटो मासाओ, ताकेमिया मासाकी, कोबायाशी, चो, सगळे त्या घरातले. १९७१ पासून १९९८ पर्यंत होनिन्बो किताब त्यांच्या शिष्यांकडेच होता. अपवाद फक्त १९८३ आणि १९८४, तेव्हा रिन काइहो होते. घराणं संपलं, असं म्हणतानाच एका घराने २८ वर्षांतली २६ वर्षं ती गादी सांभाळली.

‘सव्वीसावा होनिन्बो’ असं लिहिलेलं दिसतं. तो आकडा कुठून येतो?

शुसाई एकविसावे. सलग पाच वेळा किंवा एकूण दहा वेळा जिंकणाऱ्याला मानद होनिन्बो म्हणतात आणि त्याचा क्रमांक शुसाईंच्या पुढे मोजतात. ताकागावा बाविसावे, साकाता तेविसावे, इशिदा चोविसावे, चो पंचविसावे, ईयामा सव्वीसावे. हा मान एरवी साठीनंतर किंवा निवृत्तीनंतर वापरतात. चो आणि ईयामा यांना सलग दहा विजयांमुळे तो खेळत असतानाच लावता आला.

शिवाय होनिन्बो झालेल्याने घराण्याच्या रिवाजाप्रमाणे वेगळं नाव घेण्याची प्रथा आहे. पहिले विजेते सेकियामा रिइची ‘रिसेन’ झाले, ईयामा ‘मोन्यु’. सान्सापासून ईयामापर्यंत सगळे एकाच यादीत बसतात ते अशा प्रकारे. वंशावळीत नाव लिहून घेण्यासाठी त्या वंशात जन्मावं लागत नाही.

सामना किती दिवस चालतो?

२०२३ पर्यंत सात डावांचा सामना, एकेक डाव दोन दिवसांचा, प्रत्येकाला आठ तास, वर सांगितली ती पाकिटातली खेळी, आणि दर डाव वेगळ्या गावातल्या हॉटेलात किंवा पारंपरिक सरायीत. २०२४ पासून पाच डाव, एका दिवसात एक, प्रत्येकाला तीन तास. आव्हानवीर ठरवणारी आठ जणांची साखळी स्पर्धाही बंद करून बाद फेरी आणली.

हा बदल का झाला?

पैशामुळे. किताब वृत्तपत्रांच्या पाठबळावर उभे आहेत आणि जपानमध्ये वृत्तपत्रांचा खप ओसरतो आहे. बक्षीस २.८ कोटी येनवरून ८५ लाख येनवर आलं. सात मोठ्या किताबांत होनिन्बो तिसऱ्या क्रमांकावर होता, तो पाचव्यावर गेला. वरचे दोन, किसेइ आणि मेइजिन (जुन्या पदाचं नाव, आता हाही स्पर्धेचा किताब), अजून दोन दिवसांचे आहेत.

वाईट वाटलं. क्रमांकाचं एवढं नाही, ते बदलत असतात. पण दोन दिवसांच्या डावात पहिल्या संध्याकाळी जो थांबा येतो, रात्रभर दोघंही एकच स्थिती डोक्यात घोळवत झोपतात, ते होनिन्बोतून गेलं. या किताबाची ओळखच त्या संथपणात होती. स्पर्धा बंद पडण्यापेक्षा छोटी होऊन चालू राहिली, हे मात्र मी चांगलंच समजतो.

सध्याच्या पिढीतलं कोण बघावं?

इचिरिकी र्‍यो. २०२३ मध्ये त्याने ईयामाला ४–३ असं हरवून ती अकरा वर्षांची मालिका तोडली आणि २०२४ मध्ये नव्या स्वरूपात किताब राखला. त्याच वर्षी त्याने इंग चषक जिंकला. मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा जपानी खेळाडूने १९ वर्षांनी जिंकली होती. सेंदाईचा हा मुलगा तिथल्या काहोकु शिंपो या वृत्तपत्रात पत्रकारही आहे.

स्त्रिया खेळू शकतात का? परदेशी माणसं?

दोन्ही. मुख्य स्पर्धा स्त्री-पुरुष सगळ्या व्यावसायिकांना खुली आहे. १९८२ पासून महिला होनिन्बो हा वेगळा किताबही आहे. देशाची अट नाही, पण जपानमधल्या संस्थेचे व्यावसायिक असावं लागतं. चो कोरियाचे, ओ मेइएन आणि चो उ तैवानचे. आपल्याकडच्या मुलाला तिथवर जायचं तर लहानपणीच जपानला जाऊन शिष्य म्हणून राहावं लागेल.

जुने डाव बघायला सुरुवात कुठून करू?

होनिन्बोंचे जवळजवळ सगळे गाजलेले डाव खेळ्यांच्या नोंदींसह इंटरनेटवर फुकट मिळतात. नवख्याने आधुनिक डावांपासून सुरुवात करू नये, ते फार दाट असतात. शुसाकुचे काळ्या सोंगट्यांचे डाव घ्या. खऱ्या पटावर, नसला तर पुठ्ठ्यावर रेघा आखून, एकेक खेळी हाताने मांडा, आणि पुढची बघण्याआधी आपण कुठे ठेवली असती ते ठरवा. १८४६ चा डाव असा १२६ खेळ्यांपर्यंत मांडा आणि थांबा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पटाशी बसा, आणि मगच १२७ वी बघा.